पाय लागला तर

आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि माणसं जागेपेक्षा जास्त. संध्याकाळी वाडीतून, म्हणजे मळ्यातून, भाजी आली की ती मधल्या खोलीत ओतायची, मग पाय ठेवायला जागा राहत नसे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळ्याच्या जुड्या जेवणाच्या आधी बांधून व्हायला पाहिजेत, कारण पहाटेची पहिली एसटी धरून बाबा वर्ध्याच्या बाजारात जायचे. आम्ही सगळे त्या हिरव्या ढिगाभोवती गुडघे मोडून बसायचो आणि कोणाचा ना कोणाचा पाय कोणाला तरी लागायचाच. लागला की हातातली जुडी खाली ठेवायची, त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला न्यायचा. समोरचा लहान की मोठा हे पाहायचं नाही. मायचा पाय माझ्या धाकट्या भावाला लागला तरी माय त्याच्या अंगाला हात लावून कपाळाला लावायची. माणसात देव आहे, लाथ त्याला लागते, असं ती सांगायची. काम संपेपर्यंत सगळ्यांच्या कपाळावर ओल्या मातीची बोटं उमटलेली असायची आणि जेवायला बसलो की भाकरीलाही सांबाराचा वास यायचा.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या सवयीवरून झालं.

आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या कालव्यावर. कालव्याला पाणी आलं तशी आमच्याकडे भाजी वाढली आणि भाजी वाढली तशी कामं वाढली. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीत नाव घालायच्या वर्षी माय आजारी पडली. कुसुम, माझी धाकटी बहीण, तेव्हा चार वर्षांची होती. तिला सांभाळायला आणि वाडीत ओलीत करायला, पिकाला पाणी द्यायला, कोणीतरी पाहिजे होतं, म्हणून मी घरी राहिले. सोळाव्या वर्षी लग्न झालं. दोन वर्षांत मूल झालं नाही, त्यांनी दुसरी आणली, मी परत आले. त्यावर मला एवढंच लिहायचं आहे.

परत आलेल्या बाईला गावात कोणी वाईट बोलत नाही, पण ती रिकामी आहे असं सगळे धरून चालतात. कोणाकडे बाळंतीण आहे, बोलवा सुभीला. कोणाकडे पापड आहेत, बोलवा सुभीला. तशीच मी शाळेतही गेले. ढोके सर म्हणून खेळाचे मास्तर अमरावतीकडून नवीन आले होते. त्यांनी आठवी-नववीच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचं काढलं. बाप लोकांनी सांगितलं की पुरुष मास्तरासोबत पोरी मैदानावर जाणार नाहीत, एखादी बाई पाहिजे. शाळेत बाई शिक्षक एकच, त्या वर्ध्याहून जाणं-येणं करायच्या आणि चारच्या गाडीनं निघून जायच्या. मग सुभीला बोलवा. कुसुम आठवीत होती आणि तिला खेळायचं होतं, म्हणून बाबांनी हो म्हटलं. मी चिंचेखाली बसायचे, पाण्याची बादली सांभाळायचे आणि पाहायचे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानावर चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. आमचे बेस म्हणजे कुटार म्हणजे भुसा भरून शिवलेली पोती. एक पोरगी खालून हात फिरवून बॉल टाकते, दुसरी तो दांड्यानं मारते आणि कोपऱ्या-कोपऱ्यानं पळत सुटते. चारही कोपरे करून घरी आली की एक रन. पळणारीचं अंग पोत्याला लागून आहे तोवर तिला कोणी काही करू शकत नाही. पोतं सोडलं आणि तेवढ्यात समोरचीनं बॉल हातात धरून तिला लावला, की ती आउट. गावात याला पोट्ट्यांचा गिल्लीदांडू म्हणायचे. बॉल काही मऊ नसतो. पहिल्याच महिन्यात एकीचं बोट सुजून गाजरासारखं झालं.

पाहता पाहता मला खेळ कळला. पोरी बॉल पकडताना हात ताठ धरायच्या, म्हणून तो उडून जायचा. आम्ही बैलबंडीत पत्ताकोबी भरताना एक जण खालून फेकतो, एक जण वर उभा राहून धरतो, आणि गड्डा हातात आला की हात त्याच्यासोबत मागे घ्यावा लागतो, नाहीतर पानं फाटतात. मी पोरींना तेच करायला लावलं. सरांनी पाहिलं आणि पकडणं तुम्हीच शिकवा म्हणाले. त्याच वर्षी पावसाळा संपताना त्यांची बदली झाली. तळेगावला, म्हणजे श्यामजी पंताच्या तळेगावला, आष्टीकडे. जाताना दांडे, बॉल आणि कातडी हातमोजे त्यांनी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवले. मुख्याध्यापकांनी कपाटाला कुलूप लावलं. मी गेले आणि किल्ली मागितली.

ते म्हणाले, "सुभद्राबाई, तुमी चौथी शिकलेल्या."

मी म्हटलं, "बॉलवर काई लिहिलं रायते का सर?"

त्यांनी किल्ली दिली. ते भले होते म्हणून नाही, तालुक्याच्या सामन्यांना शाळेचं नाव आधीच गेलं होतं म्हणून.

त्या वर्षी आम्ही सेलूला, तालुक्याच्या सामन्यात, हरलो, आणि कशानं हरलो ते ऐका. मंदा म्हणून आमची एक पोरगी होती, हरणासारखी पळायची. ती दुसऱ्या पोत्यावर पोहोचली, नीट पोहोचली, पण पोहोचताना तिचा पाय तिथं उभ्या असलेल्या पोरीच्या पायावर पडला. मंदानं पोतं सोडलं, खाली वाकली, त्या पोरीच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला. त्या पोरीच्या हातात बॉल होता. तिनं तो मंदाला लावला. मंदा आउट. पुढच्याच डावात कुसुमनं तेच केलं. सामना संपल्यावर सेलूच्या पोरी एकमेकींच्या पायाला हात लावून हसत होत्या. ही गोष्ट आमच्या आधी गावात पोहोचली. पाराजवळून गेलो की पोरं म्हणायची, या हो देवीचे भक्त. बाबाही हसले. त्यांना ते आवडलंच होतं. माझ्या पोरी हरल्या पण रीत सोडली नाही, असं त्यांनी बाजारात दोघा-तिघांना सांगितलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कुसुमला गिरडकडचं स्थळ आलं. मुलाची शेती होती, घर पक्कं होतं, मुलगा दिसायला बरा होता. स्थळात खोट काढावी असं काही नव्हतं. माझ्याही स्थळात नव्हतं. कुसुम नववीत होती. गावात महिन्यातून एकदा नर्सबाई यायची, तिनं कुसुमला सांगितलं होतं की दहावी पास झालीस तर नर्सिंगला जाता येतं. तेव्हापासून ती पोरगी त्या नर्सबाईची पिशवी उचलून तिच्या मागे घरोघर फिरायची. त्यांना उन्हाळ्यात लग्न पाहिजे होतं. म्हणजे नववी झाली की संपलं.

मी बाबांशी भांडले नाही. बाबांशी भांडून काही होत नसे. ते शब्दाचे माणूस होते. बाजारात एकदा भाव सांगितला आणि तासाभरात भाव चढला, तरी ते सांगितलेल्या भावातच माल द्यायचे आणि घरी येऊन मायच्या शिव्या खायचे. म्हणून त्यांच्याकडून काही पाहिजे असेल तर शब्द घ्यायचा, आणि तो चार लोकांत घ्यायचा. एका संध्याकाळी जुड्या बांधताना मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आणि शेजारचे दोघे बसले होते. मी म्हटलं, यंदा पोरी तालुका जिंकल्या आहेत, जिल्हाही जिंकतील. त्या वर्षी सेलूला आम्ही खरंच जिंकलो होतो, ते कसं ते पुढे येईल. मोठेबाबा म्हणाले, वर्ध्याच्या शहरातल्या पोरी यांना भाजीत घालून खातील. सगळे हसले. मी म्हटलं, आणि जिंकल्या तर? कुसुमची दहावी होऊ देता?

बाबांनी मेथीची जुडी बांधली, पाणी शिंपडलं, बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जिल्ह्यात पयल्या आल्या तर पोट्टी दहावी करते, गिरडवाल्याइले मी नाई म्हून सांगतो. नाई आल्या तर उन्हाळ्यात लगन. मंग मधात कोनी बोलाचं नाई. तूई नाई, ते नाई, तुई मायई नाई."

मोठेबाबा म्हणाले, "ऐकलं गा सगळ्यायनं."

कुसुम ढिगाच्या पलीकडे बसली होती. तिनं मान वर केली नाही. रात्री अंथरुणात मला विचारलं, "बाई, हारलो तर?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मी म्हटलं, "तर गिरड." तिला उगाच धीर द्यावा असं मला वाटलं नाही. आजही मी कोणाला तसा देत नाही.

आता तालुका कसा जिंकलो ते. सेलूच्या फजितीनंतर मी ठरवलं होतं की ही वाकायची सवय मोडायची. खेळ शिकवणं सोपं होतं. पळा म्हटलं की पळतात, मारा म्हटलं की मारतात. पण पाय लागल्यावर पोरगी विचार करून वाकत नाही, ती वाकलेलीच असते. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. मग दोघी-दोघींना समोरासमोर उभं केलं आणि सांगितलं, एकमेकींच्या पायावर पाय द्या आणि ताठ उभ्या राहा. एकीला रडू आलं. मग दुसरं केलं. सरावात जी वाकेल तिला समोरचीनं तिथल्या तिथं बॉल लावायचा, हळू नाही, चांगला आवाज येईल असा, आणि मग तिनं मैदानाला फेरी मारायची. सगळ्यात जास्त फेऱ्या कुसुमनं मारल्या. अंगात ताकद, हात सरळ, तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवर बॉल असा फेकायची की धरणारीचा तळवा लाल व्हायचा. पण पाय लागला की ही खाली. इतर पोरी हळूहळू सुटल्या. कुसुम सुटेना.

गावात बोभाटा झाला. मंदाची आजी काठी टेकत वाडीत आली आणि बांधावरूनच म्हणाली, "काऊन व सुभे, लेकीबाळीले लाथा मारनं शिकवून राह्यली म्हंते तू? तुले तर तिकडून वापस धाडलं, आता यायलेई तसंच वापस आनतं काय?" मी वांगी तोडत होते. तोडत राहिले. मायनं ते ऐकलं आणि तीही माझ्याशी बोलायची थांबली. ताट वाढायची, पण माझ्याकडे न पाहता. तीन पोरींच्या घरून निरोप आला की उद्यापासून येणार नाही.

तेव्हा मला एक सुचलं. मी सगळ्या पोरींना आयांसकट शाळेत बोलावलं. म्हटलं, लाथ लागणारच आहे, हे आपल्याला आधी माहीत आहे. मग नमस्कारही आधीच करून घेऊ. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्या रांगेत उभ्या राहतील, एकमेकींच्या आणि समोरच्या पोरींच्या पायाला हात लावून कपाळाला नेतील. तो दिवसभराचा नमस्कार. मग मधे पाय लागला तरी तो आधीच भरलेला आहे. मंदाची आजी विचार करत बसली. मग म्हणाली, असं चालते. लगनातई अक्षता आंगोदरच वाटतेत. लग्नातल्या अक्षतांचा याच्याशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण पोरी परत आल्या. मायही बोलायला लागली. तालुक्याला समोरच्या पोरी आमचा तो प्रकार पाहून भांबावून गेल्या, काहींना वाटलं आम्ही काही करणी करतो आहोत. आम्ही जिंकलो.

वर्ध्याच्या सामन्याच्या दिवशी थंडी होती. मायनं पहाटे भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला आणि कुसुमच्या हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या. बाबा त्याच एसटीत होते, टपावर आमची भाजी. कुसुम शेंगा सोलत होती आणि दाणे न खाता परत फडक्यात टाकत होती. बाजाराच्या थांब्यावर बाबा उतरले, आम्ही पुढे गेलो.

सकाळी आम्ही शहरातल्या पोरींना हरवलं. त्यांच्याकडे सगळं सामान होतं, बूटही होते, पण त्यांना आमच्यासारखं पळता येत नव्हतं. दुपारी शेवटचा सामना तळेगावकडच्या शाळेशी पडला. त्या पोरींच्या मागे ढोके सर उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला, पोरींची चौकशी केली, आमच्या दांड्याला नवीन सुतळी गुंडाळलेली पाहून हसले. मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मला जे येत होतं ते त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

आमच्या पोरींनी रांगेत उभं राहून दिवसभराचा नमस्कार केला. तळेगावच्या पोरी लाजून बाजूला सरकल्या. सर म्हणाले, हे काय नवीन? मी म्हटलं, आमच्यात असं असते.

मला तो सामना आजही पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतो, पण सगळा लिहीत नाही. कधी त्या पुढे, कधी आम्ही पुढे. मधल्या एका डावात कुसुम पळत दुसऱ्या पोत्यावर आली आणि तिचा पाय समोरच्या पोरीला लागला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कुसुम पोत्यावर ताठ उभी होती. हात मात्र मांडीशी घट्ट धरलेले, एका हातानं दुसरा पकडून ठेवलेला. तेव्हाच मला बाबा दिसले. भाजी विकून, रिकामी पोती काखेत घेऊन ते मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभे होते. त्यांनीही ते पाहिलं होतं.

शेवटचा डाव. आम्ही एका रननं पुढे. मारायची पाळी त्यांची. त्यांच्या दोघी आउट झालेल्या, तिसरी आउट झाली की सामना संपला. पण त्यांची एक पोरगी दुसऱ्या पोत्यावर पोहोचलेली होती. बारीक, काळीसावळी, दोन वेण्या डोक्यावर बांधलेली. ती घरी आली की बरोबरी, आणि त्यांच्या मागच्या दोघी चांगल्या मारणाऱ्या होत्या. म्हणजे ती घरी आली की गिरड. मी असंच मोजत होते. मला मैदान दिसत नव्हतं, गिरडचं ते पक्कं घर दिसत होतं.

दांड्याला बॉल लागल्याचा आवाज आला. डावीकडे गेला. ती पोरगी तिसऱ्या पोत्याकडे सुटली, तिथं कुसुम. मंदानं बॉल उचलून कुसुमकडे फेकला. पोरगी शेवटी पाय पुढे टाकून घसरत आली, धूळ उडाली. पंचांनी दोन्ही हात पसरले. पोहोचली. आउट नाही. तळेगावच्या पोरी ओरडायला लागल्या.

तिची टाच कुसुमच्या नडगीवर बसली होती. कुसुम एका गुडघ्यावर खाली आली, एक हात नडगीवर, दुसऱ्या हातातल्या मोज्यात बॉल. ती पोरगी उठली. तिनं कुसुमचं तोंड पाहिलं, नडगीवरचं रक्त पाहिलं. आणि तिनं पोतं सोडलं. एकच पाऊल. खाली वाकून कुसुमच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं, कारण हे तिच्याच अंगातलं होतं. ती हलली नाही. मी पाहिलं की ती हलणार नाही. ती पोरगी आता सरळ होणार आणि परत पोत्यावर जाणार.

मी ओरडले, "लाव!"

कुसुमनं मोजा उचलला आणि बॉल त्या वाकलेल्या पोरीच्या पाठीवर टेकवला. हळूच. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, मोठी बहीण लहानीला आशीर्वाद देते आहे. पंच एक क्षण थांबले, मग त्यांनी मूठ वर केली.

जिंकल्यावर पोरी नाचतात, हे मी नंतर खूप पाहिलं. त्या दिवशी आमच्या पोरी नाचल्या नाहीत. मंदा एकदा ओरडली आणि गप्प झाली. ती वेण्यांची पोरगी कपाळाला हात लावून तशीच उभी होती, काय झालं ते तिला समजलं नव्हतं. तिला तिच्या मैत्रिणींनी सांगितलं, तेव्हा ती रडली नाही, नुसती कुसुमकडे पाहत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

ढोके सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "नियमात बसते सुभद्राबाई. पण मी असतो तर लाव म्हटलं नसतं."

मी म्हटलं, "म्हून तुमी हारले सर."

त्यांनी मान हलवली आणि आपल्या पोरींकडे गेले. माणूस चांगला होता. पण त्यांची कोणतीही बहीण त्या पोत्यावर उभी नव्हती.

परतीच्या एसटीत बाबा पुढे बसले, आम्ही मागे. कुसुमच्या नडगीला मी फडकं बांधलं. सेलू मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "तू ओरडली नसती तर मी लावलं नसतं, बाई."

"म्हून तर ओरडली," मी म्हटलं.

घरी मायनं सोले-वांग्याची, म्हणजे तुरीचे ओले दाणे घातलेली वांग्याची, भाजी आणि भात केला होता. जिंका नाहीतर हरा, उपाशी तर येणार, असं ती म्हणाली. मोठेबाबा येऊन बसले होते, त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. कोणी जिंकल्याचं नाव काढेना. बाबा जेवले, हात धुतला, परत येऊन बसले. आम्ही वाट पाहत होतो. मला वाटत होतं की ते आता शब्द फिरवतील, आणि फिरवला तर मोठेबाबा त्यांच्याच बाजूनं बोलतील. एवढी भीती मला सासरहून निघतानाही वाटली नव्हती.

बाबा म्हणाले, "मी शब्द देल्ला व्हता. उद्या गिरडले जातो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पन पाया पडनारीले मारलं तुमी. हे मी पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी ते खरंच गिरडला गेले. त्या लोकांनी त्यांचा अपमान केला, चहाही दिला नाही, असं सोबत गेलेल्या मोठेबाबांनी सांगितलं. बाबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्या हंगामभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पाणी सोड, जुड्या उचल, एवढंच.

कुसुमनं हातमोजा धुऊन, तेल लावून मला परत दिला आणि पुन्हा मैदानावर आली नाही. नागपूरला विभागाचा सामना झाला, तिथं तिसऱ्या पोत्यावर दुसरीच पोरगी होती आणि आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. मी कुसुमला ये म्हटलं नाही. तिला दहावी पाहिजे होती, ती मिळाली. दुसऱ्या वर्षी ती पास झाली, मग नर्सिंगला गेली, आणि पुढे तिनं नोकरी केली ती निवृत्त होईपर्यंत. लग्न तिनं आपल्या मर्जीनं, उशिरा केलं. मी त्या शाळेत पुढे बरीच वर्षं पोरींना खेळवलं. मुख्याध्यापक बदलले, कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली. खूप सामने हरले, काही जिंकले. कित्येक पोरी अशा होत्या की त्यांच्या बापांना पोरगी जोरात पळताना पहिल्यांदा मैदानावरच दिसली. काही बाप ते पाहून पोरींना घरी घेऊन गेले, काही दुसऱ्या दिवशी बूट घेऊन आले. कोण काय करील ते आधी कधीच सांगता आलं नाही.

लोक मला अजून विचारतात की त्या दिवशी ओरडले त्याचं वाईट वाटतं का. नाही वाटत. त्या वेण्यांच्या पोरीचं वाईट वाटतं, ती वेगळी गोष्ट आहे. तिचं पुढे काय झालं, तिला कोणी दहावी करू दिली की नाही, मला माहीत नाही. मी ढोके सरांना विचारू शकले असते. विचारलं नाही.

कुसुम दर उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे येते. आता आम्ही दोघीच असतो, तरी संध्याकाळी भाजी निवडायला जमिनीवरच बसतो, कारण खुर्चीवर बसून निवडलेली भाजी मला निवडल्यासारखी वाटत नाही. गुडघे दुखतात, पाय लांब करावे लागतात, आणि मग तिचा पाय मला लागतो. तिची ती सवय गेलेली नाही. वाकते, हात लावते, कपाळाला नेते. पण वाकायच्या आधी माझे हात कुठे आहेत, त्यात काय आहे, हे एकदा पाहून घेते.